साखरपुड्याची कलेजी

...आणि वर मलाच म्हणतात, ओरोज आका, तुम्ही नको तिथे नको ते विचारता! घ्या! अहो, मी असं काय विचारलं? होणाऱ्या व्याह्याला विचारलं, की तुमच्याकडे कुत्री किती? आता तुम्हीच सांगा, यात वावगं काय आहे? माणूस माणसाला विचारतो, मुलं किती, मेंढ्या किती, हिवाळ्यासाठी गवत पुरेसं आहे ना... मग कुत्री किती विचारलं तर आभाळ कोसळलं? पण कोसळलं! माझ्या मुलीची, तुर्सुनायची सोयरीक त्या एका वाक्यावर मोडायला आली होती, तुम्हाला सांगतो, व्याह्याने टोपी डोक्यावर चढवून जीपचा दरवाजा उघडला होता. आणि मी आपलं नुसतं विचारलं होतं हो!

पण हे असं मधूनच सांगून उपयोग नाही. याची सुरुवात होते माझ्या बायकोच्या पोटापासून.

अनारखानच्या उजव्या बरगडीखाली दुखायचं. मी म्हणायचो, चरबी कमी खा. ती म्हणायची, तुम्ही कमी बोला. असं आमचं दोघांचं आपापलं औषध चालू होतं. शेवटी एका सकाळी तिला चुलीपाशी वाकता येईना, तेव्हा ओश शहरात नेलं, तिथे सोनोग्राफी केली, आणि डॉक्टर म्हणाले यकृतात पाण्याने भरलेली गाठ आहे, कापून काढावी लागेल. काढली. काढल्यावर मला बाहेर बोलावून बरणीत दाखवली. पांढरी, लिबलिबीत, सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखी, पण ते अंडं कोंबडीचं नव्हे, शहामृगाचं म्हणा. दुसरा एखादा नवरा तिथे चक्कर येऊन पडला असता. मी नाही पडलो, कारण मला कुतूहल! सारा जन्म गावच्या कचेरीत कारकुनी केली, येईल त्या अर्जाला पहिला प्रश्न काय, तर कुठून आला? म्हटलं, डॉक्टर, हे आलं कुठून? मी आपलं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "कुत्र्याकडून." आणि गेले की निघून! पुढच्या पोटाकडे!

आता मला सांगा, एवढ्यावर माणसाला झोप लागेल का? अनारखान शुद्धीवर आली तर मी तिला म्हटलं, अगं, ते कुत्र्याकडून आलंय म्हणे. झालं! टाके ओले असताना उठून बसायला लागली. "मी? कुत्र्याकडून? जन्मात कुत्र्याच्या अंगाला हात लावला नाही मी!" आणि हे खरं आहे. आमचा आक्तोश, म्हणजे आमचा कुत्रा, लांडग्यावर धावून जाणारा, पण अनारखान दारात आली की त्याला एकदम कुंपणापलीकडचं काहीतरी जरुरीचं काम आठवतं. मी पण तसाच आहे, म्हणून मला त्याचं समजतं.

मग मी गावात विचारत सुटलो. एक म्हणाला, थंड दगडावर बसल्या असतील. दुसरा म्हणाला, कुमिस, म्हणजे घोडीचं आंबवलेलं दूध, पिऊन वर खरबूज खाल्लं असेल. माझी थोरली बहीण म्हणाली, तुझ्याशी लग्न झालं तेव्हापासूनच तिच्या पोटात गोळा आहे, आता कुठे दिसला. असे एकेक तज्ज्ञ! शेवटी दवाखान्यातली आमची नर्स सायरागुल, तिला गाठलं. दवाखान्याच्या फिरत्या गाडीत मावणार नाही एवढा आवाज, आणि समोर अध्यक्ष असो की अडाणी, सगळ्यांना एकच तोफ.

म्हणाली, "बसा आका. सोपं आहे. कुत्र्याच्या आतड्यात बारीकसा जंत असतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून बाहेर पडतात, गवतावर, मातीवर, पाण्यात. मेंढी ते गवत खाते. मेंढीच्या कलेजीत बुडबुडे होतात. आपण मेंढी कापतो, बुडबुड्याची कलेजी दिसली की शी म्हणतो आणि कुत्र्यापुढे फेकतो. कुत्रा खातो. बुडबुड्यांतून पुन्हा जंत. झालं चक्र पूर्ण."

मी म्हटलं, पण यात माणूस कुठे आला?

"माणूस मध्येच कडमडतो. अंगणातली कोथिंबीर न धुता तोडून खातो, कुत्रा कुरवाळलेल्या हाताने भाकरी मोडतो."

"म्हणजे जंताला माणसाची गरज नाही?"

"अजिबात नाही. माणसाच्या पोटात गेला की तो अडकला. आपल्याला का कोणी कापून कुत्र्याला घालतंय?"

"मग येतो कशाला?"

"चुकून."

चुकून! तुम्हाला सांगतो, इतका अपमान मला कधी वाटला नाही. माझ्या बायकोचं पोट बरगडीपासून खाली उभं चिरलं, आणि ते कशासाठी, तर एका जंताची वाट चुकली म्हणून! हे मी घरी येऊन अनारखानला समजावलं, की बाई गं, त्याला तू नकोच होतीस, तर ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मी आपलं सांगितलं हो. पण कोथिंबीर मात्र तेव्हापासून आमच्याकडे अशी धुतली जाते की पानांचा रंग पाण्यात उतरावा.

बरं, विचारणाऱ्याला आपल्याकडे शिक्षा काय, तर समितीवर घेतात. सायरागुल म्हणाली, आका, तुम्हाला एवढं कळलंय, तुम्ही निवृत्त, तुम्हाला चष्मा आहे, तुम्हीच गावच्या आरोग्य समितीचे अध्यक्ष. मी नाही म्हणायच्या आत शाळेत सभासुद्धा लावली. सगळं गाव जमलं, कारण बाहेर बर्फ आणि शाळेत शेगडी. मी उभा राहिलो. आणि कारकून माणूस भाषणाला उभा राहिला की जे होतं तेच झालं, सगळा जोर पहिल्याच वाक्यावर संपला. मी गरजलो, "मंडळी! बुडबुड्याची कलेजी म्हणजे मृत्यू! अशी कलेजी दिसली तर हलगर्जीपणा करू नका!" बायकांनी डोक्यावरच्या रुमालाची टोकं तोंडाला लावली. मला वाटलं, जिंकलं. मग पुढचं, ते कुत्र्याचं, चक्राचं, ते मी जरा भरभर सांगितलं, तोवर चहा आला.

दुसऱ्या दिवसापासून काय झालं असेल? सांगा! शेजारी कोचकोर, गावात मेंढी कापायला सगळे त्यालाच बोलावतात, तो रस्त्यात मला मिठी मारून म्हणतो, "आका, तुमचं ऐकलं हो! पूर्वी आम्ही बुडबुडे कापून टाकायचो आणि उरलेली कलेजी खायचो. आता धोकाच नको! एक तुकडा तोंडात घालत नाही. सगळीच्या सगळी कुत्र्याला!"

सगळीच्या सगळी कुत्र्याला! चांगलीसुद्धा! गावातली कुत्री अशी तुकतुकीत झाली हो, की बाहेरगावची माणसं थांबून विचारायची, काय घालता म्हणून. सायरागुलने कपाळावर हात मारला. मी घरोघर गेलो. म्हटलं, अरे, ती नीट शिजवून तुम्ही खाल्लीत तर तुम्हाला काही होत नाही, कुत्र्याने कच्ची खाल्ली तर तुमच्या घरातल्या सगळ्यांना होईल! तर माझ्याकडे बघायचे, म्हातारा कामातून गेला अशा नजरेने. म्हणायचे, "म्हणजे जी वाईट कलेजी आहे ती आम्ही खायची, आणि कुत्र्याला वाचवायचं? आका, तुम्ही कुणाच्या बाजूचे?"

मग आली गोळ्यांची मोहीम. प्रत्येक कुत्र्याला जंताची गोळी. चरबीच्या गोळ्यात लपवून द्यायची. कुत्री हुशार, चरबी खायची आणि गोळी अशी बाजूला काढून ठेवायची, जशी आपण मनुक्यातली काडी काढतो. कोचकोरला विचारलं, तुझ्या कुत्र्याने घेतली का रे? म्हणाला, "पहिल्यांदा नाही घेतली आका, मग मी त्याच्यासमोर एक खाऊन दाखवली." मी म्हटलं, मग त्याने घेतली? म्हणाला, "नाही. पण माझं पोट साफ झालं." असं ते आरोग्य! आणि माझी अवस्था अशी, की मी कोणाच्या दारात दिसलो की लोक बोलायच्या आधी हात धुवायला पळतात. माणूस नमस्कारासाठी हात पुढे करतो, मला ओळखतो, हात मागे घेतो, धुतो, ओलाच परत पुढे करतो. आमच्याकडे धुतलेले हात झटकायचे नसतात, अपशकुन मानतात, त्यामुळे सारा हिवाळा माझी बाही ओली.

तर अशा सगळ्या पार्श्वभूमीवर आमच्या तुर्सुनायची सोयरीक ठरली.

मुलगा तिच्या पसंतीचा. ओशला दोघं एकाच कॉलेजात, तिथेच जमलं, आम्हाला कळवलं ते नुसतं माहितीसाठी. मुलगा शांत, सरळ, मला आवडला. पण बाप! बाप म्हणजे ताशमात, डोंगरापलीकडच्या खोऱ्यातला मोठा मेंढपाळ. त्याच्यापुढे राज्यांच्या गोष्टी काढा, पावसाच्या काढा, औषधांच्या काढा, तो आपल्या मेंढ्यांवरच येऊन थांबणार. "माझी मेंढी," म्हणायचा, "शेपटीकडून बघाल तर दोन मेंढ्या चालल्यात असं वाटेल!" आणि साखरपुड्याला तुमची मेंढी मी कापू देणार नाही म्हणून स्वतःच्या कळपातली घेऊन आला, जीपमध्ये मागे, माणसासारखी बसवून. विहीणबाई उर्कुया पुढच्या सीटवर आणि मेंढी मागच्या, आणि मेंढीला जास्त जागा.

आता आमच्याकडे सोयरीक पक्की होते कशी, तर साखरपुड्याच्या मेंढीची कलेजी आणि शेपटीची चरबी उकडून, दोन्हीच्या चकत्या एकमेकींवर ठेवून, व्याह्यांनी एकमेकांना भरवायच्या. तोंडात घास गेला की शब्द पक्का, मग मागे फिरणं नाही. देणंघेणं, अंगठ्या, फोटो सगळं नंतर. कलेजी नाही तर सोयरीक नाही. कळलं ना? कलेजी!

पाहुणे आत बसलेले, चहा चाललेला, तळलेल्या बोरसोकचा डोंगर मध्ये, ताशमात आपल्या मेंढ्याची वंशावळ सांगतोय, तुर्सुनाय पडद्यामागे कान लावून. एवढ्यात दारातून कोचकोरचं डोकं. "आका, जरा बाहेर येता?"

मला त्या आवाजातच कळलं. बाहेर गेलो. अनारखान आधीच तिथे होती, आणि पातेल्यात ती कलेजी. अहो, कलेजी कसली, द्राक्षाचा घड! बुडबुड्याला बुडबुडा लागलेला. ताशमातच्या त्या राजघराण्यातल्या मेंढीची!

अनारखान पुटपुटली, "आता काय वाढायचं?"

मी म्हटलं, शेजारून आणू. कोणी ना कोणी काल कापलीच असेल. तर कोचकोर म्हणतो, "कापली. तिघांनी कापली. पण कलेजी कुठे आहे आका? तुमच्या सभेपासून गावात माणसाच्या घरी कलेजी मिळते का?"

घ्या! माझंच भाषण माझ्या मुलीच्या आड आलं! दुसरी मेंढी कापावी तर ताशमात विचारणार, माझी का नाही? आणि खरं सांगावं तर अर्थ काय, की व्याही, तुमची मेंढी आजारी, तुमचा कळप आजारी. साखरपुड्याच्या दिवशी! मी विचार करतोय, आणि मी विचार करतोय तोवर कोचकोरने, हाताला सवयच हो, पातेलं उचललं आणि आक्तोशकडे वळला...

अनारखान अशी ओरडली! आमच्या लग्नापासून पहिल्यांदा ती दुसऱ्या कोणावर एवढी ओरडली. "टाकशील तर बघ! माझं पोट फाडलंय त्याने, आता माझ्या मुलीचं फाडायचंय का?" आक्तोश कुंपणावरून पलीकडे. कोचकोर पातेलं छातीशी धरून पुतळ्यासारखा. आणि आतले पाहुणे सगळे बाहेर.

ताशमात पुढे आला. पातेल्यात पाहिलं. त्याने ती कलेजी ओळखली, म्हणजे मेंढी कोणाची ते. त्याचं तोंड असं झालं की जणू आम्हीच ते बुडबुडे आत भरून शिवलेत. आणि अशा वेळी माणसाने काय करावं, खाली बघावं, खोकावं, चहा घ्या म्हणावं... पण मला कुतूहल! माझ्या डोक्यात ते चक्र फिरत होतं, गवत, मेंढी, कलेजी, आणि त्यात एकच जागा रिकामी. मी म्हटलं, "व्याही, तुमच्याकडे कुत्री किती?"

"काय?"

"कुत्री. किती?"

"सात आहेत! लांडगा फाडतील अशी! का?"

"आणि अशी कलेजी निघाली की कोणाला घालता?"

"कुत्र्यांना घालतो! मग काय चौकटीत लावून भिंतीवर टांगू?" आणि मग असा फुटला! "मी इथे मुलासाठी मुलगी मागायला आलोय की तपासणीला? माझी मेंढी वाईट, माझी कुत्री वाईट! उद्या म्हणाल माझा मुलगा पण धुऊन घ्या! चला, उर्कुया, निघायचं!" टोपी चढवली आणि जीपकडे. मुलगा बापाकडे बघतो, उघड्या दारातून पडद्याकडे बघतो. पडद्यामागून एक हुंदका. माझी तुर्सुनाय, जी हाड मोडलं तेव्हा रडली नव्हती! अनारखानने माझ्याकडे असं पाहिलं की मला वाटलं, आता त्या कुंपणावरून आक्तोशच्या मागोमाग आपणही जावं. आणि मी आपलं विचारलं होतं हो...

पण विहीणबाई जागच्या हलल्या नाहीत.

त्या माझ्याकडे बघतही नव्हत्या. अनारखानकडे बघत होत्या. मग हळूच जवळ आल्या, उजव्या बरगडीखाली हात ठेवला, आणि बायका बायकांशी बोलतात तशा आवाजात म्हणाल्या, "विहीणबाई, तुमचं दुखायचं ते... इथेच का?"

अनारखान म्हणाली, "इथेच."

"वाकलं की?"

"वाकलं की. आणि उजव्या कुशीवर झोपता येत नाही."

"नाही येत," उर्कुया म्हणाल्या. "गेल्या वेळी मेंढ्यांची लोकर कातरली तेव्हापासून नाही येत. यांना सांगितलं नाही. म्हणतील, चरबी कमी खा."

जीपचा दरवाजा उघडाच राहिला. ताशमात तिथेच उभा, एक पाय आत, एक बाहेर. एवढा मोठा माणूस, पण त्या क्षणी त्याला कोणी मेंढ्यांबद्दल विचारलं असतं ना, त्याला एकीचंही नाव आठवलं नसतं. टोपी काढली, हातात फिरवली. म्हणाला, "मला का नाही सांगितलंस?" आणि ते इतकं हळू म्हणाला की मलाच बिचाऱ्यासाठी काहीतरी विचारावंसं वाटलं, पण मी... नाही. तेवढी अक्कल मला आहे.

सायरागुलला बोलावलं. ती आली, आल्या आल्या उर्कुयाचं पोट चाचपलं, म्हणाली उद्या ओश, सोनोग्राफी, आणि रडायचं नाही, असली गाठ काढता येते, ही अनारखान बघा, समोर उभी आहे कोकलत. मग पातेल्यात पाहिलं. "हं. बुडबुडे सगळे काढा, भोवतालचं पण. हा कडेचा भाग स्वच्छ आहे, एवढा पुरे. चांगला खळखळून उकडा आणि भरवा एकमेकांना, माणसाला काही होत नाही. बाकीचं खोल पुरा, कुत्र्याला उकरता येणार नाही असं. वर दगड."

खड्डा कोणी खणला असेल? ताशमातने! कोचकोर पुढे झाला तर त्याच्या हातातली कुदळ हिसकावली. चांगला कोट काढून ठेवला, आणि साखरपुड्याच्या दिवशी व्याह्याच्या अंगणात खणतोय, खणतोय, कमरेइतका आत गेला तरी खणतोय. म्हटलं, व्याही, पुरे, आता पाणी लागेल. ऐकेना. शेवटी कलेजी आत टाकली, माती लोटली, दोघांनी मिळून एवढा दगड वर सरकवला. मग हात धुतले, साबणाने, दोनदा. मग आत जाऊन त्याने मला घास भरवला, मी त्याला भरवला. एवढी लहान चकती की चरबीत शोधावी लागली, पण कलेजी ती कलेजी. शब्द पक्का झाला. घास गिळून ताशमात म्हणाला, "घरी गेल्यावर सातांनाही गोळी." मी म्हटलं, त्यांच्यासमोर तुम्ही खाऊन दाखवू नका म्हणजे झालं.

उर्कुयाचं ऑपरेशन झालं, त्या बऱ्या आहेत, आता दोघी विहिणी फोनवर आपापले टाके मोजतात. लग्न वसंतात, त्यांना नाचता येईल तेव्हा.

पण मी सांगतोय ते वेगळंच. त्या दिवशी आमच्या कुंपणावरून निम्मं गाव बघत होतं. आधीचं भांडण कोणी ऐकलं नाही, सायरागुलचं बोलणं कोणी ऐकलं नाही, ते आले तेव्हा फक्त एवढंच दिसलं, की मुलाचा बाप कोट काढून खड्डा खणतोय, मुलीचा बाप त्यात कलेजी ठेवतोय, दोघं मिळून वर दगड सरकवतायत, आणि मग सगळे हसत आत जातायत. पुढे सोयरीक अशी जमली की दोन्ही घरांत एक वाकडा शब्द नाही. लोकांनी दोन्ही गोष्टी जोडल्या.

परवा पलीकडच्या गल्लीत साखरपुडा होता. मी गेलो. अंगणात खड्डा. कमरेइतका खोल! मुलाचा बाप कोट काढून खणतोय, आणि शेजारी ताटात कलेजी, अर्धी घासासाठी आत ठेवलेली, अर्धी पुरायला. तुळतुळीत, स्वच्छ, एक बुडबुडा नाही! कोपऱ्यात कुत्रं बसलंय, हताश. मी म्हटलं, अरे, ही तर चांगली आहे, ही कशाला पुरताय? तर तिथला सगळ्यांत म्हातारा काठी टेकत उठला आणि म्हणाला, "ओरोज, तू शिकलासवरलेला, तुला एवढं माहीत नाही? सोयरीक टिकायची तर कलेजी पुरावी लागते. पूर्वापार चालत आलंय. माझ्या आजोबांनी पुरली होती."

अहो, गेल्या शरद ऋतूपर्यंत या गावात कोणी कलेजीचं टोकसुद्धा पुरलं नव्हतं! सभा घेतल्या, गोळ्या वाटल्या, मी घसा कोरडा केला, तेव्हा कोणी ऐकलं नाही! मी तोंड उघडलं, सांगणारच होतो, की आजोबा, हे कुठून आलं माहीत आहे का तुम्हाला... तेवढ्यात सायरागुलने मागून माझ्या दंडाला असा चिमटा काढला, अजून निळं आहे. कानात म्हणाली, "आका, एक अक्षर बोललात तर बघा. आता बारशाला आणि मयतालाही पुरतील असं काहीतरी करा."

मी काय करणार? घसा साफ केला. टोपी सरळ केली. आणि म्हटलं, "हो तर. माझ्या आजोबांनी तर दोन पुरल्या होत्या."